जिभेखालची कृपा

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. घडीच्या खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली. मंचावर चिमूटबुवा होते आणि त्यांच्या शेजारी आमचा दादा. मागच्या महिन्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. आज त्याला चमत्कार म्हणून तिथं बसवलं होतं.

"नळी तुंबली, तेव्हा यांचं हृदय उपाशी होतं," बुवा माइकवर सांगत होते. "डॉक्टरांनी नळी उघडली. मग अडलेलं रक्त रागानं परत आलं. हाकललेला जावई परत येतो ना, तसं." हशा पिकला. "त्या रागानं हृदय जळतं. डॉक्टरांच्याच पुस्तकात आहे. औषध आहे त्यांच्याकडे? नाही. आमच्याकडे आहे, चिमूटभर. गिळायची नाही, जिभेखाली धरायची. डोकं ठणकलं, तोंड तापलं, की समजा कृपा लागली."

पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला अभिमानानं सांगत होत्या, "माझं तर दोन्ही वेळा ठणकलं."

मंचाच्या कडेला काचेची बरणी होती. कृपा लागलेल्यांनी दवाखान्याच्या गोळ्या तिच्यात टाकायच्या. दादाच्या मांडीवर त्याच्या गोळ्यांची पाकिटं होती, रक्त पातळ ठेवणाऱ्या. त्या थांबवल्या तर हृदयाच्या नळीत बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो मरू शकतो, असं त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं. मी ते घरी सांगितलंही होतं. बहुधा नीट सांगता आलं नसावं. मी बोलायला लागलो की लोक घड्याळाकडे बघतात.

"भाऊजी, तुम्ही आपली पुस्तकं वाचा," वहिनी म्हणाली होती. "चिमटीनं यांची कळ थांबली, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय."

ते खरंच होतं. झटक्याच्या सकाळी दादा आधी बुवांकडे गेला. कळ ओसरली म्हणून घरी येऊन झोपला. संध्याकाळी दवाखान्यात नेला, तोवर हृदयाचा मोठा भाग मेला होता. आता एक जिना चढताना तो दोनदा थांबतो. मला त्याचं दुःख व्हायला हवं. होत नाही. छातीत नुसता कापूस भरल्यासारखं वाटतं.

दादाच्या घरातली बुवांच्या चिमटीची एक पुडी मी डॉक्टरबाईंना नेऊन दिली होती. त्या आज माझ्याबरोबर आल्या होत्या. दादानं पाकिटं उचलली, तशा त्या मंचाकडे गेल्या.

"बुवा, एक शंका आहे. जिभेखालीच का? गिळली तर?"

"कृपा पोटातून जात नाही, बाई."

"बरोबर. पोटातून गेली तर यकृत तिची वाट लावतं. जिभेखालून सरळ रक्तात जाते." त्यांनी पर्समधून छोटी बाटली काढली. "ही छातीतल्या कळेवरची गोळी. चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात मिळते."

एक गोळी त्यांनी जिभेखाली ठेवली आणि मंचाच्या कडेवर बसल्या. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला.

"ठणकतंय," त्या म्हणाल्या. "बुवांनी मला हातही लावलेला नाही."

कुणीतरी खुदकन हसलं.

"यांच्या घरची पुडी आम्ही तपासून घेतली. पिठीसाखर आणि त्यात कुटलेली हीच गोळी. तिनं रक्तवाहिन्या सैलावतात, डोक्यातल्याही, म्हणून ठणका. कळ थांबते, गुठळी मात्र जागच्या जागी. बरं वाटलं म्हणून माणूस घरी झोपतो आणि हृदय मरत राहतं."

"मग परतणारं रक्त इजा करतं, तेही खोटं?" बुवांनी विचारलं.

"ते खरं आहे. त्यावर कितीतरी औषधं शोधली. प्राण्यांना गुण आला. मग माणसांवर तपासलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पाणी. कुणाला काय दिलं, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. दोन्हीकडे जवळजवळ तितकेच वाचले, तितकेच गेले. शोध चालू आहे. पण खात्रीनं द्यावं असं औषध आज आमच्याकडे नाही. लवकर या, एवढंच सांगता येतं."

"ऐकलंत? स्वतःच नाही म्हणतात." बुवांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा पुरावा हा जिवंत बसलाय."

दादानं मान वर केली. "त्या सकाळी रांगेत माझ्यापुढे कोपऱ्यावरचा शिंपी होता. त्यालाही बरं वाटलं होतं. तो कुठाय?"

मागून एक आवाज आला, "गेला तो. त्याच दिवशी."

"त्याची श्रद्धा कमी पडली," बुवा म्हणाले.

"माझ्यापेक्षा जास्त होती," दादा म्हणाला. त्यानं पाकिटं खिशात घातली आणि खुर्च्यांचा आधार घेत खाली आला. वहिनी त्याच्यामागून चालू लागली. बरेच लोक उठले. काही जण तरीही चिमटीच्या रांगेत उभे राहिले; ठणका ज्यांनी अनुभवला होता, त्यांचा विश्वास सुटेना.

घरी दादानं मला विचारलं, "आधी दवाखान्यात गेलो असतो तर?"

"हृदय जास्त वाचलं असतं."

त्यानं मान हलवली, पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

मला पटवून सांगता येत नाही, म्हणून लिहितो. छातीत कळ आली तर आधी दवाखाना गाठा. कळ थांबली तरी गाठा. आणि कुणी बरे झालेले लोक दाखवू लागला, तर न आलेल्यांची चौकशी करा.