बिनवासाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, आणि आता रिकामी आहे. माझ्यात चेहरा पुसायचं मायसेलर पाणी होतं. दिसायला साधंच पाणी, पण त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक पुंजके तरंगत असतात आणि ते चेहऱ्यावरचा तेलकट रंग, धूळ, मळ पोटात घेतात. कापसाच्या बोळ्यावर थोडं घ्यायचं आणि हलक्या हाताने पुसायचं, एवढंच माझं काम. कारखान्यात शेजारच्या पट्ट्यावरच्या बाटल्यांत फुलांचा सुगंध पडायचा. माझ्यात काहीच पडलं नाही. दुकानात लोक माझं झाकण उघडून हुंगत आणि नाक मुरडून मला परत फळीवर ठेवत.

मला घरी नेलं ते एका लेकीने, तिच्या आईसाठी. आईने उभा जन्म नाटकवाल्यांचे चेहरे रंगवण्यात आणि पुसण्यात घालवला होता. तिचा एक नियम होता. कोणतीही नवी वस्तू आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची, आणि मगच दुसऱ्याच्या गालाला. लेक तिच्याच हाताखाली हे काम शिकली, तिचाही तोच नियम.

पण आता आईची आठवण विरत चालली होती. रोज सकाळी ती आरशासमोर बसायची, आज प्रयोग आहे म्हणायची आणि तोंडभर रंग फासून घ्यायची. संध्याकाळी लेक तो पुसायची, एका गुलाबी बाटलीतल्या पाण्याने. ती बाटली मायलेकींची कायमची सोबतीण. एक संपली की तीच दुसरी यायची. आईची कातडी मात्र आता कागदासारखी झाली होती आणि गाल लालभडक व्हायला लागले. सुगंधाचं सगळं बंद करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

म्हणून लेकीने दुकानातून मला आणि आणखी एक बाटली आणली, एका दुपारी गुलाबीसकट आम्हा तिघींना जेवणाच्या टेबलावर पाठमोरं उभं केलं आणि चष्मा पुसून ती वाचायला बसली. गुलाबीच्या पाठीवर पाण्यानंतर लगेच अल्कोहोल होतं आणि पुढे सुगंध. दुसरीच्या पोटावर ताटाएवढी काकडी छापलेली, पण पाठीवर काकडीचा अर्क पार शेपटाला. जे जास्त ते आधी लिहायचा रिवाज असतो, तेव्हा काकडी किती असेल ते तुम्हीच समजा. नाव मोठं, लक्षण खोटं. माझ्या पाठीवर पाणी, मग ग्लिसरीन, मग पॅन्थेनॉल आणि हायलुरॉनिक आम्ल, म्हणजे कातडीत ओलावा धरून ठेवणारी मंडळी. अल्कोहोल नाही, सुगंध नाही. लेकीने मला मनगटावर लावून पाहिलं आणि मान डोलावली. जे माझ्यात नव्हतं त्यासाठी मला कुणी पहिल्यांदाच पसंत केलं होतं. खरं सांगते, मी हरखून गेले.

आईचे गाल निवळले. पण त्याच सुमारास ती लेकीला ओळखेनाशी झाली. पूर्वी संध्याकाळी तोंड पुसताना हमखास ओळख पटायची, ती आता पटेना. "बाई, तुमचा हात हलका आहे हो," ती परक्या माणसाशी बोलावं तसं बोलायची. दुखणं वाढलं असं सगळ्यांनाच वाटलं. लेक हसून हो म्हणायची आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची.

एकदा फडताळ आवरताना मागे सारलेली गुलाबी बाटली कलंडली आणि लेकीच्या मनगटावर सांडली. हात तसाच पुसून ती आईपाशी आली आणि तिने मला उघडलं. आईने एकदम तिचं मनगट धरलं आणि नाकाशी नेलं.

"आलीस? कुठे होतीस गं इतके दिवस?" आई म्हणाली. "ती बाई रोज येते, चांगली आहे बिचारी. पण तू का येत नव्हतीस?"

 मला रडता आलं असतं तर मी रडले असते. आईचे गाल मी सांभाळले होते, पण त्या सुगंधासोबत तिची लेकही नेली होती.

त्या दिवसापासून लेक गुलाबीचा एक थेंब आपल्या मनगटावर लावायची आणि आईचा चेहरा माझ्या पाण्याने पुसायची. आई रोज "आलीस?" म्हणायची. ते सुखाचे दिवस होते, पण गुलाबीत पाणी थोडंच उरलं होतं. ती संपत आली तशी लेकीने नवी आणली. दोघींना पाठमोरं ठेवून तिने एकेक शब्द ताडून पाहिला. अक्षराचाही फरक नव्हता. पाठीवर नुसतं 'सुगंध' लिहिलेलं असतं, कोणता ते कुणी लिहीत नाही. कारखान्याने तो बदलला होता.

आईने मनगट हुंगलं आणि हळूच सोडून दिलं.

"बाई, तुम्ही निघा आता. माझी लेक येईल एवढ्यात."

"हो, येईलच ती," लेक म्हणाली. "ती येईपर्यंत मी बसते."

आणि ती बसली. मी संपेपर्यंत बसली, माझ्यासारखीच दुसरी आणून बसली, आणि अखेर आईच गेली. शेवटपर्यंत आईच्या तोंडी तेच होतं, की लेक येईल.

आता मी आणि जुनी गुलाबी शेजारी शेजारी उभ्या असतो. लेक कधीतरी गुलाबीचं झाकण उघडते आणि उरलासुरला वास उडू नये म्हणून लगेच बंद करते. मित्रांनो, बाटली घेताना पाठीवरचं नीट वाचत जा, कातडीची काळजी घ्या. पण तुमच्या माणसाच्या हातांना कसला वास येतो, तेही एकदा जवळ जाऊन पाहून ठेवा. ते कुठल्याच पाठीवर लिहिलेलं नसतं.