न्हाणीघरातल्या खिळ्यावरची शेकायची पिशवी

मी एक जुनी, रबरी, शेकायची पिशवी आहे, मित्रांनो. रंग विटलाय, तोंडाशी तडे गेलेत. न्हाणीघराच्या दारामागे एका खिळ्याला मी उलटी टांगलेली असते.

साच्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. औषधांच्या दुकानातून मला या घरच्या सुनेनं आणलं. तिच्या गर्भाशयात लिंबाएवढी गाठ होती. कर्करोगाची नव्हे, तरी दर महिन्याचे चार दिवस ती गाठ तिला उभं राहू देत नसे. ग्रंथालयातलं काम उरकून आली की मला पोटाशी धरून ती भिंतीकडे तोंड करून निजायची. नणंद म्हणायची, "वहिनी, दादापेक्षा हिलाच जास्त जवळ घेता तुम्ही." तीही हसायची. किती दुखतंय ते मात्र फक्त मला ठाऊक असायचं. दोन वर्षांपूर्वी दिवस राहून दुसऱ्याच महिन्यात तिचं बाळ गेलं, तेव्हा मलाच कवटाळून ती रडली. घरात सांगितलं ते दुसऱ्या दिवशी.

यंदा पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं तिनं नवऱ्याला सांगितलं. गाठ आहे तशीच आहे. गाठ असूनही पुष्कळ जणींचं नीट पार पडतं. पण दुखलं, रक्त दिसलं, तर घरी बसून राहायचं नाही. आणि पोटाला शेक बंद. त्या दिवसापासून मी खिळ्यावर. सगळे आनंदात होते. खोटं कशाला बोलू, मला ते लागलं.

नवव्या आठवड्यात, एका दुपारी, ती न्हाणीघरात आली. कपड्यावरचा रक्ताचा डाग बघत बराच वेळ उभी राहिली. मग सवयीनं तिचा हात माझ्याकडे आला. गरम पाण्याचा नळ सोडून तिनं मला भरलं. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि मी मात्र कुणीतरी हातात घेतलं म्हणून सुखावले. त्याची लाज अजून वाटते.

पण कोरडी टांगून राहिल्यामुळे माझ्या बुचाची रबरी चकती कडक झाली होती. पोटाशी नेण्याआधीच मी गळू लागले. तिच्या हाताला चटका बसला, मी खाली पडले, पाणी दाराखालून बाहेर गेलं. नणंद धावत आली.

"भाजलं का?"

"नाही गं."

"मग रडताय कशाला? माझ्याकडे बघा, वहिनी. दुखतंय?"

"थोडं."

"तुमचं थोडं मला माहितीये. चपला घाला."

"तुझ्या दादाला नको सांगूस एवढ्यात."

"ते गाडीत बसल्यावर ठरवू."

संध्याकाळपर्यंत मी ओल्या फरशीवर पडून होते. मला कोण काय सांगणार? दिवे लागल्यावर दोघी दवाखान्यातून परतल्या. नणंद फोनवर बोलत होती, "ठोका दिसला रे दादा. गाठ एका बाजूला आहे. आराम सांगितलाय. पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही, पण आज बाळ आहे." मग तिनं फरशी पुसली, मला झटकलं आणि खिळ्यावर अडकवलं.

आता भिंतीपलीकडून आवाज येतात. आज कुठं दुखलं, आज कसली भीती वाटली, ते ती नणंदेला सांगते. पूर्वी हे सगळं माझ्या वाट्याला यायचं. मला करमत नाही.

तरी मित्रांनो, एवढं ऐका. मी ऊब देते, पण मला कुणाला हाक मारता येत नाही. तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून निजलेलं दिसलं, तर जवळ जाऊन विचारा. 'थोडं' असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.

आणि मला नवी चकती बसवायची घाई करू नका.