आठ मार्कांचं प्रहसन

"हसायला काय झालं?" मनाली मिसनी पुस्तकावरून डोळे वर केले. "आठ मार्कांची कॉमेडी आहे ही. सीरियसली घ्या."

अकरावी 'बी'मध्ये हसलेलं माणूस एकच होतं, रसिका. बाकीचे चाळीसजण खाली माना घालून ओळींवर पेन्सिली मारत होते. चारशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं प्रहसन, इंग्रजीत आणलेलं. त्यात एक कंजूष म्हातारा आपल्या सुनेच्या वयाच्या पोरीशी लग्न करायला निघतो आणि परटिणीचा वेष घेऊन तिच्या घरात शिरायला बघतो. वाटेत त्याचा स्वतःचाच नोकर भेटतो. नोकर त्याला चांगला ओळखतो, पण न ओळखल्याचं सोंग करून धुण्याचा भाव ठरवतो आणि मालकाच्या एकेका कपड्याची घाण वर्णन करून सांगतो. म्हाताऱ्याला पदराआड तोंड दाबून सगळं ऐकावं लागतं. यावर हसायचं नाही, तर काय टिपणं काढायची?

टिपणंच काढायची होती. 'विनोदनिर्मितीची पाच कारणे' मिसनी फळ्यावर लिहून दिली होती. वाचन चाले ते रोल नंबरप्रमाणे, एकेकाने एकेक वाक्य. नोकराचं पहिलं वाक्य एक मुलगा वाचे, दुसरं भलतीच मुलगी, आणि तिसरा गैरहजर असला की चौथा पुढे रेटे. त्या बिचाऱ्या नोकराचे सात तुकडे सात बाकांवर पडलेले पाहून रसिकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नाटक काय असतं ते तिला माहीत होतं. तिचे बाबा, माधवराव, रिफायनरीतून सुटले की दांडिया बाजारातल्या मराठी मंडळात तालमीला जात. गणपतीत मंडळाचं नाटक असे आणि दोन वर्षं त्याची प्रॉम्प्टर रसिका होती. मंडळातली तिच्या वयाची, गुजरातेत वाढलेली मुलं मराठी बोलत झकास, पण वाचायला दिलं की अक्षर अक्षर लावत बसत. रसिका भराभर वाचे. म्हणून पुस्तक तिच्या हातात आणि ती विंगेत. विंगेत उभं राहून तिनं प्रत्येकाची भूमिका मनातल्या मनात केली होती, आणि बहुतेकांहून बरी केली होती.

वार्षिकोत्सवात हाच प्रवेश करायचं ठरलं, तेव्हा तिला उड्याच माराव्याशा वाटल्या. नोकर! तो नोकर तिचाच होता. पण मिसनी भूमिका वाटल्या त्या सहामाहीच्या मार्कांवर. पहिल्या नंबराला सगळ्यात लांब भूमिका, म्हणजे पालकांची तक्रार नको. नोकर गेला केयूरला. केयूर मुलगा चांगला होता, पण संवाद म्हणायचा तो पाढे म्हटल्यासारखा.

रसिकानं हात वर केला. "मिस, मला नोकराचं सगळं पाठ आहे. म्हाताऱ्याचंसुद्धा. सगळ्यांचंच."

"सगळ्यांचं?" मिस खूश झाल्या. "व्हेरी गुड! मग तू प्रॉम्प्टर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. रसिका बाकावर बसली आणि तास संपेपर्यंत तिनं कुणाकडे पाहिलं नाही. घरी मात्र तिनं थाटात सांगितलं, की आमच्या नाटकात मी आहे, बाबा, तुम्ही या. काम कसलं ते सांगायला जीभ रेटेना.

उत्सवाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. म्हाताऱ्याच्या भूमिकेतला अनुज परटिणीच्या वेषात साडी सावरत आला, तेवढ्यापुरते लोक हसले. मग केयूर आला आणि चौथ्याच वाक्याला अडला. त्यानं विंगेकडे पाहिलं. रसिकानं हळूच वाक्य दिलं. त्याला ऐकू गेलं नाही.

"बोल ने, यार!" तो ओठांतल्या ओठांत गुजरातीत पुटपुटला.

तेव्हा तिच्या आत काहीतरी सुटलं. इतके दिवस दाबलेला तो नोकर तोंडावाटे बाहेरच आला. खडा आवाज, नाकात किंचित सूर, आणि हवं तिथं हवं तेवढं थांबून ती म्हणाली, "आमच्या मालकांचं मन अगदी स्वच्छ आहे, बाई... कधी वापरलंच नाही त्यांनी!"

इंग्रजीतच म्हणाली, पण हॉल फुटला. केयूरनं तेच वाक्य पाढ्यासारखं म्हटलं, तर लोक आणखी हसले. पुढच्या वाक्याला तो पुन्हा अडला, तिनं पुन्हा दिलं. मग तर लोक पडद्यामागच्या आवाजाचीच वाट पाहू लागले. अनुजला पदराआड हसू आवरेना. पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या.

बक्षीस केयूरला मिळालं, विनोदी अभिनयाचं. आयत्या बिळावर नागोबा! मिस रसिकाला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा हळू हं, बेटा."

ठीक आहे, मिसना नाटक कळत नाही. बाबांना कळतं. ती धावतच पार्किंगमध्ये गेली.

बाबा स्कूटरपाशी उभे होते. चेहरा उतरलेला. "तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता," ते म्हणाले.

"हो ना!"

"हो ना काय? प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत जाणं म्हणजे नटाचा अपमान. आपल्या मंडळात असं झालं की पुस्तक काढून घेतात, माहीत आहे ना? मला मान वर करवेना."

"लोक हसले की नाही, बाबा?"

"हसले."

"कुणाला हसले?"

बाबांनी हेल्मेटचा पट्टा चाचपला. "तुला," ते शेवटी म्हणाले. "पण तो प्रश्न नाही."

"तोच प्रश्न आहे! घ्या तुमचं पुस्तक परत. मला नकोच आहे. मला विंगेतून बोलायचंच नाही, मला उजेडात उभं राहायचंय." ती रडत होती आणि रडू येतंय याचाही तिला राग येत होता.

"अगं, मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? वाचता येतं म्हणून पुस्तक दिलंत हातात. मिसनी पाठ आहे म्हणून दिलं. तुमच्यात आणि त्यांच्यात काय फरक, बाबा?"

माधवरावांनी हेल्मेट डोक्यात घातलं, मग काढलं, मग पुन्हा घातलं. पार्किंग रिकामं होत आलं, तरी त्यांनी स्कूटर सुरू केली नाही.