यंत्रबुवाचा खिशातला हात

"हलला! बाण हलला! अहो, माउसला कुणाचा हातसुद्धा नाही!"

बँकवाले काका खुर्चीतून अर्धे उठून ओरडले आणि दिवाणखान्यात एकच गलका झाला. पाय ठेवायला जागा नव्हती. इमारतीतले झाडून सगळे शेजारी जमले होते आणि सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या जुनाट कॉम्प्युटरवर खिळले होते. गेले कित्येक दिवस तो कॉम्प्युटर मध्येच गोठून बसत होता. आता त्याच्या पडद्यावरचा बाण आपणहून सरकत सरकत एका चित्रापाशी गेला, थबकला, आणि चित्र उघडलं. आबांचा फोटो. तपकिरी शाल पांघरून, चष्मा कपाळावर चढवून हसणारे आबा.

सासूबाईंना हुंदका आवरला नाही. "अहो, तुम्हीच का हो?"

आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पण कॉम्प्युटरशेजारी डोळे मिटून बसलेल्या यंत्रबुवाने त्यांना हजर केलं होतं. पांढराशुभ्र पायघोळ झगा, डावा हात कॉम्प्युटरच्या डब्यावर, उजवा हात झग्याच्या खिशात. उजव्या हातातून म्हणे ऊर्जा सांडते, म्हणून तो खिशात ठेवावा लागतो. हे त्याने सांगितलं आणि चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी माना डोलावल्या! सही जराशी वेगळी दिसली तरी लोकांना हेलपाटे घालायला लावणाऱ्या बँकवाल्या काकांनीसुद्धा.

"आत्मा म्हणजे शेवटी काय?" बुवाची टकळी सुरू झाली. "फ्रिक्वेन्सी! माणूस जातो, फ्रिक्वेन्सी राहते. आबांचा जीव या यंत्रात गुंतला होता, ते वायरींमधून वाहताहेत. माई, तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. ते रुसलंय."

"कुणावर हो, महाराज?"

"मी कोण सांगणारा? यंत्रच सांगेल. घरातल्या एकेकानं बसा."

सासूबाईंनी बसून जुने फोटो बघितले. काही झालं नाही. मग त्यांच्या मुलाने बसून बातम्या वाचल्या. यंत्र गुण्यागोविंदाने चाललं. मग बुवाने बोट दाखवलं ते सुनेकडे.

"आता तू बस, पोरी. तुझं नेहमीचं काम काढ. आणि माई, तुम्ही आबांची शाल होती तशी डब्यावर घाला. यजमानांना असं उघडं ठेवू नये."

शाल बुवानेच आल्या आल्या डब्यावरून काढून घेतली होती, 'स्पंदनं मोजायला'. ती पुन्हा पडली. सून शालेय पुस्तकांसाठी चित्रं काढायची. घरी बसून, याच कॉम्प्युटरवर. तिने कामातलं एक भलंमोठं चित्र उघडलं आणि रंग भरायला घेतले. थोड्याच वेळात डब्यातला पंखा घरघरायला लागला. मग बाण जागीच थिजला. कळफलक बडवला तरी पडदा ढिम्म.

मागचे शेजारी टाचा उंचावून बघायला लागले.

"बघितलंत?" बुवा हळूच म्हणाला. "हा हात आबांना सोसत नाही. काहीतरी सल घेऊन गेलेत ते. या मुलीनं यापुढं यंत्राला शिवू नये. रविवारी येऊन मी यंत्र घेऊन जातो आणि त्याला मुक्ती देतो."

सुनेच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. काम जाईल, हा विचार तिच्या मनात नंतर आला. आधी आली ती आबांची आठवण. लग्न होऊन आली तेव्हा 'घरात बसून चित्रं काढणं हे काय काम?' असं सगळे म्हणत होते. तेव्हा आबांनी स्टूल ओढून तिला शेजारी बसवलं होतं आणि म्हणाले होते, "हे यंत्र आपल्या दोघांचं. सकाळी माझं, दुपारी तुझं." त्या माणसाला तिचा हात सोसत नाही? कोण कुठला हा झगेवाला, आणि तो आबांना तिच्यापासून तोडणार?

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

सगळे गेल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला पटतंय हे?"

"तसं नाही गं. पण आईला बरं वाटतंय तर..."

"आईंना बरं वाटावं म्हणून मी अवदसा ठरू?"

"चार दिवस दुसरं काही बघ ना. कशाला वाद?"

तिने हातातलं भांडं ओट्यावर असं आपटलं की बाहेर सासूबाई दचकल्या. पण त्याही आत आल्या नाहीत. जेवताना त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, आणि ताटात वाढतानाही त्यांचा हात जरा लांबूनच आला. ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी नवरा कामाला गेला आणि सासूबाई बहिणीकडे. जाताना बजावून गेल्या, "त्याला हात लावू नकोस गं बाई." दार बंद झालं तशी सुनेने पदर खोचला. आबा दर थोड्या महिन्यांनी डबा गॅलरीत नेऊन उघडायचे आणि दोघं मिळून तो साफ करायची. आबा गेले आणि सासूबाईंनी नियम घातला, की त्यांची वस्तू जशी होती तशी राहील, कुणी खोलायची नाही. वर त्यांची शाल पांघरली. येता जाता त्या शालीवरून हात फिरवायच्या. कोणत्या तोंडाने तिने त्यांना अडवलं असतं?

तिने वायर काढली, डबा गॅलरीत आणला, बाजूचा पत्रा उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. आत धुळीची गोधडी झाली होती. पंख्याची पाती राखाडी लोकरीने माखली होती, आणि मागची गरम हवा बाहेर जायची जाळी त्याच तपकिरी शालीच्या तंतूंनी बुजली होती. आबांचा रंगकामाचा मऊ ब्रश खणात होता. पंखा गरागरा फिरू नये म्हणून आबांसारखीच पात्यांत पेन्सिल अडकवून तिने कोपरान्‌कोपरा झाडला. धूळ नाकातोंडात गेली, डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच धुळीमुळे नव्हतं.

मागची बाजू पुसताना हाताला बुवाने चिकटवलेली तांब्याची पट्टी लागली. 'ऊर्जापट्टी' म्हणे, आल्या आल्या लावली होती त्याने. तिने ती खरवडून काढली. तिच्याआड, वायरी खोचायच्या एका खाचेत, नखाएवढा काळा तुकडा बसवलेला होता. तिने तो उजेडात धरला. बिनवायरच्या माउसचा तो छोटा जोड, जो कॉम्प्युटरला लावला की लांबूनही बाण हलवता येतो. या घरात तर माउस वायरचाच होता.

"अस्सं!" ती मोठ्याने म्हणाली. "आबा खिशात होते तर!"

तडक जाऊन बुवाचं मानगूट धरावं असं तिला वाटलं. पण अर्धवट पुराव्यावर भांडायला ती काही उतावळी नव्हती. तिने डबा बंद करून कॉम्प्युटर सुरू केला. डिस्क काठोकाठ भरली होती. एकच फोटो पुन्हा पुन्हा साठवलेला, कुणी कधी न मागितलेले प्रोग्राम सुरू होतानाच रांग लावून उठत होते. फोटोंची नक्कल तिने वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली, नको ते पुसलं, आपोआप उठणाऱ्यांना झोपवलं. मग ते भलंमोठं चित्र उघडलं आणि दुपारभर काम केलं. यंत्र एकदाही अडलं नाही. मग तिने मुद्दाम डब्याला शाल गुंडाळली. हवा कोंडली, डबा तापला, पंखा केकाटला, बाण थिजला. शाल काढून डबा निवू दिला, पुन्हा तेच चित्र उघडलं, यंत्र पुन्हा सुरळीत. फोटो बघायला आणि बातम्या वाचायला यंत्राला फारसे कष्ट नसतात, ते तिच्या चित्रांना लागतात. म्हणून शालीखाली ते तिच्याच हाताखाली गुदमरायचं. एवढंच! एवढ्यावर तिला घरात वाळीत टाकलं होतं.

रविवारी पुन्हा दिवाणखाना भरला. सुनेने बँकवाल्या काकांना त्यांचा लॅपटॉप आणायला सांगितलं होतं, आबांचे फोटो बघायला. काकांचा जुना कॉम्प्युटर मागेच बुवाकडून मुक्त झाला होता. फोटो लॅपटॉपवर चढवता चढवता तिने तो काळा तुकडा त्याच्या बाजूला खोचला आणि पडदा लोकांच्या दिशेने फिरवून टीपॉयवर ठेवला.

बुवा आला, डब्यावरची शाल बाजूला सारून बसला. डावा हात डब्यावर, उजवा खिशात.

"आबा," त्याने हाक घातली, "निरोप घ्यायची वेळ झाली. या!"

आबांच्या कॉम्प्युटरवरचा बाण जागचा हलला नाही.

"या आबा! लाजू नका!" बुवाने मिटलेले डोळे किलकिले केले. खिसा जोरजोरात हलायला लागला.

"अरे, अरे, माझ्याकडं काय चाललंय?" काका किंचाळले. त्यांच्या लॅपटॉपवर बाण सैरावैरा धावत होता. एक चित्र उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं.

"आबा पत्ता चुकले वाटतं, महाराज," सून म्हणाली. "मागच्या वेळी तुमचा तुकडा आमच्या यंत्राला लावलेला होता. आज मी तो काकांच्या यंत्राला लावलाय."

खोलीत कुजबुज सुरू झाली. बुवाने हात खिशातच घट्ट धरला. "दुष्ट हाताच्या सावलीनं फ्रिक्वेन्सी ढळलीय! या मुलीला आधी बाहेर..."

"खिशातला हात काढा."

हे सून नव्हती म्हणाली. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"माई, ऊर्जा सांडेल..."

"सांडू दे माझ्या फरशीवर, मी पुसून घेईन. हात काढा म्हणते ना!"

हात निघाला. हातात तळव्याएवढा काळा माउस होता. मांडीवर घासून घासून झग्याच्या आतलं कापड गुळगुळीत झालं असावं. लॅपटॉपवरचा बाण मुकाट थांबला.

"हे... हे तर माध्यम आहे," बुवा पुटपुटला.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. काका तेवढे हसले नाहीत. "माझा कॉम्प्युटर कुठाय?"

"तो मुक्त झाला..."

"कुठल्या दुकानात मुक्त झाला, ते सांगा आधी!" काकांनी त्याच्या झग्याची बाही धरली ती सोडलीच नाही. बुवाला तसाच ओढत ते जिना उतरले आणि अर्धी गर्दी त्यांच्यामागे गेली.

"हसता काय?" उरलेल्यांवर सून कडाडली. "गेल्या खेपेला याच खोलीत तुम्ही माना डोलावल्यात! एकानं तरी विचारलं, हात खिशात का म्हणून?"

मग तिने सासूबाईंचा हात धरून डब्याच्या मागे नेला. "बघा, आई. गार हवा येतेय ना? आता शाल घालते. थांबा जरा." तिने तेच चित्र उघडलं. थोड्या वेळाने सासूबाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"म्हणजे मीच कोंडलं की गं..."

"तुम्ही मायेनं पांघरलीत. त्यात पाप नाही. पण आई, एक सांगा." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा माझ्यावर कधी रागावले होते का हो? तुम्ही तर घरातच होतात. तुम्ही रोज बघत होतात आम्हाला."

 सासूबाईंनी मान हलवली, नाही म्हणून. मग शाल डब्यावरून ओढून काढली, छातीशी धरली आणि रडत म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. माहीत असून मी त्याचं ऐकलं."

"मलाही वाटलंच होतं, काहीतरी गडबड आहे," नवरा हळूच म्हणाला.

"वाटलं होतं तर तोंड उघडायचं होतंस!" ती म्हणाली, आणि पुढे कितीतरी दिवस तिने त्याला ते विसरू दिलं नाही. बरंच केलं.

तो बुवा आजही दुसऱ्या कुठल्या तरी घरात मांडी घालून बसला असेल. यंत्रं जुनी होतात, तापतात, धुळीने गुदमरतात. ती रुसत नाहीत. मेलेली माणसं वायरींतून वाहत नाहीत, आणि जिवंतपणी ज्यांनी माया केली ती मेल्यावर सुनांवर सूड उगवत नाहीत. पत्रा उघडून बघायला विद्वान असावं लागत नाही, फक्त बघायची तयारी लागते. ती नसेल तर नसू द्या. पण तुमच्या घरातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'हिच्यामुळे' असं कुणी म्हणालाच, तर एवढं तरी करा. आधी त्याला त्याचा दुसरा हात खिशातून काढायला सांगा.