रंगाऱ्याचा काळा दात

रंगारी कधी मोकळेपणी हसत नसे. मिशीखालून ओठ जरा ताणायचा, की झालं त्याचं हसून. लोकांना वाटे, माणूस गंभीर आहे. बायकोला मात्र पक्कं ठाऊक होतं, की हा राग आहे आणि तो तिच्यावरच आहे.

सात वर्षांपूर्वी तो घरचंच छत रंगवत होता आणि ती खाली शिडी धरून उभी होती. गॅसवरचं दूध वर येताना दिसलं, ती धावली, आणि इकडे हा धाडकन खाली. दूध वाचलं. समोरचा दात खिडकीच्या कठड्यावर आपटला. "काही नाही झालं," असं म्हणून त्याने जे ओठ मिटले ते मिटलेच. "अजून रागावलात का?" हा प्रश्न सात वर्षं तिच्या जिभेवर येऊन माघारी जात होता.

परवा सकाळी न्हाणीघरात तिने त्याला रंगेहाथ पकडलं. आरशापुढे ओठ वर करून तो मीठ-लिंबाने एक दात खसाखसा घासत होता. हिरडी सुजलेली, दात काळपट.

"अहो, हे काय चाललंय?"

"डाग आहे. आधी घासून साफ करायचा, मग..."

"मग काय, पुट्टी भरणार?"

तिने त्याला हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी एक्स-रे काढला आणि त्याच्या नखांतला रंग बघत विचारलं, "भिंतीला आतून ओल आली, तर गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"वरून कितीही घासा, उपयोग नाही. आधी आतली ओल..." बोलता बोलता तो थांबला. स्वतःच्याच शब्दांत इतका छान अडकलेला माणूस बाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

"तेच. चहाचे, तंबाखूचे डाग वर बसतात, ते साफ करता येतात. तुमच्या दाताची मार लागून आतली नस मेलीय. आधी आतून साफ करू, मग आतच औषध ठेवून उजळवू. आणि लिंबू बंद! दात झिजतो त्याने. पण इतकी वर्षं आला का नाहीत?"

त्याने बायकोकडे पाहिलं आणि मग छताकडे. "हिला काळा दात दिसला असता, तर रोज स्वतःला बोल लावत बसली असती. म्हटलं, तोंड मिटलं की प्रश्न मिटला."

बायकोला त्याला मिठी मारावी की धपाटा घालावा, कळेना. "आणि मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर चिडलाय!"

"चिडलोय? सात वर्षं?"

"सात वर्षं!"

ते ऐकून खुर्चीत आडवा पडलेला रंगारी जो हसत सुटला, तो ओठ, मिशी, सगळं विसरून.

"जरा थांबा, अजून दाताला हातही लावलेला नाही," बाई म्हणाल्या.

"राहू द्या हो," डोळे पुसत बायको म्हणाली, "आजचा दिवस तो दात काळाच बघू द्या मला."