एखाददुसरं

"पाणी तोंडात घे. हां, आता गीळ."

मुलीने घोट गिळला. डॉक्टरबाईंची दोन बोटं तिच्या गळ्यावर होती. बोटांखाली गाठ वर सरकली आणि पुन्हा जागेवर आली. "परत," त्या म्हणाल्या. त्यांनी मुलीचं नाव विचारलं नव्हतं, शाळा विचारली नव्हती, आईबाबांना बसा म्हणायचंही राहून गेलं होतं. आई फाइल छातीशी धरून उभीच होती.

पाच आठवड्यांपूर्वी गणवेशाचं वरचं बटण लावताना ही गाठ आईच्याच हाताला लागली. तेव्हापासून सोनोग्राफी, सुईची तपासणी, रांगा, आणि जो भेटेल त्याचा नवा सल्ला. थायरॉइडचा कॅन्सर निघाला. बरा होणाऱ्यातला आहे, काळजी करू नका, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. मुलीला मात्र दोघांनी 'गाठ' एवढंच सांगितलं होतं. बारा वर्षांच्या पोरीला आणखी काय सांगायचं?

पहिले सर्जन मुलांच्या हॉस्पिटलातले. ते गुडघे टेकून मुलीच्या उंचीला आले होते, "तू शूर आहेस ना?" म्हणाले होते आणि लगेच ऑपरेशनची तारीखही देऊन टाकली होती. आईचा जीव भांड्यात पडला. पण बाबा फरश्या बसवणारे. कुठलंही गिऱ्हाईक त्यांना आधी विचारतं, अशी कामं किती केलीत? दारापर्यंत गेलेले बाबा मागे वळले आणि त्यांनी तेच विचारलं.

"मुलांची ऑपरेशनं? हजारो केलीत."

"थायरॉइडची?"

"ती फार कमी येतात हो. वर्षाकाठी एखाददुसरं."

त्या एखाददुसऱ्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली. माणूस किती मायेने बोलतो, असं आईचं म्हणणं. मायेने गळा कापता येत नाही, असं बाबांचं. शेवटी दुसरं मत घ्यायचं ठरलं, म्हणून आज इथे.

"बाई, तुम्ही अशी किती करता?" बाबांनी विचारलं.

"वर्षाला दोनशेच्या वर. त्यात मुलं पंधरा-वीस." डॉक्टरबाईंनी कागद ओढून त्यावर गळ्याचं चित्र काढलं. ग्रंथीमागून जाणाऱ्या आवाजाच्या दोन नसा, डाळीएवढ्या चार बारीक ग्रंथी. "या चार दुखावल्या तर कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागतात. आणि ही नस..."

"माझा आवाज जाईल?" मुलीने विचारलं.

"अगं, असलं काही नसतं," आई घाईने म्हणाली.

"तिला विचारू द्या." डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच मुलीच्या डोळ्यांत पाहिलं. "शक्यता कमी आहे. पण गेल्या चार वर्षांत माझ्या हातून दोघांचा आवाज कायमचा बसला. त्यातली एक तुझ्याच वयाची."

"ती बोलते?"

"बोलते. घोगरं बोलते. माझ्यावर अजून चिडलेली आहे."

मुलीने तो कागद स्वतःकडे ओढला. "आणि हा कॅन्सरच आहे ना?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून फरशीचे सांधे बघत होते.

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मला माहीत होतं. रिपोर्टवर लिहिलंय."

बाहेर आल्यावर आईने दोन-तीन बाकं मागे टाकली आणि मग तिला राहवेना. "बाई आहे की दगड! लेकराशी असं बोलतात?"

"आई, ह्यांच्याकडेच करू या."

"का गं?"

"ते डॉक्टर म्हणाले ना, शूर आहेस ना म्हणून. मग मला घाबरताच येईना."

एवढं बोलली आणि मुलगी रडायला लागली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. आईने तिथल्याच बाकावर तिला जवळ ओढलं. ती आता मांडीत मावत नव्हती, तिचे पाय वाटेत येत होते. येणारेजाणारे वळसा घालून जात राहिले. बाबा फाइल धरून समोर उभे राहिले, आडोशासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पहिल्या डॉक्टरांना फोन लावला. काय बोलायचं ते तिने रात्रभर मनात घोळवलं होतं. माणसाला वाईट वाटू नये, एवढंच तिला हवं होतं. तिने बाईंचं नाव सांगितलं, तसा पलीकडून मोठा श्वास ऐकू आला.

"उत्तम केलंत! या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. खरं सांगू, मी स्वतःच तुम्हाला त्यांच्याकडे पाठवणार होतो."

त्यांनी दिलेली तारीख तीन दिवसांवर आली होती. मग पाठवणार कधी होतात, असं आईच्या अगदी ओठांवर आलं.

"आभारी आहे, डॉक्टर," ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही तिचा हात त्यावरच राहिला.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"तिथेच करा म्हणाले."

"बघ. मनाचा मोठा माणूस."

"हं," आई म्हणाली, आणि मुलीला उठवायला आत गेली.