फुंकणं बंद

लुपे आत्याने लोपेतीच्या गालावर बोट ठेवून दाबलं, तेव्हा गाल चुरचुरला. वाळक्या पाल्यावर पाय पडावा तसा. तिने बोट उचललं, बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा दाबलं. गाल पुन्हा चुरचुरला.

"ही रडण्याची सूज नाही," ती म्हणाली.

सकाळपासून घरात येणारी प्रत्येक बाई लोपेतीच्या तोंडाकडे पाहून हळहळत होती. डावा गाल नारळाएवढा, त्या बाजूचा डोळा मिटलेला. बापासाठी रडून रडून सुजला बिचारा, असं एकीने म्हटलं आणि अंगणभर तेच झालं. दुखवट्यात अंगाभोवती गुंडाळायची फाटकी चटई त्याने पार कानापर्यंत ओढली होती, तरी सूज वरून डोकावत होती. खरं तर त्याचा बाप कितिओने मंगळवारी जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही, त्याला आता तीन दिवस होत आले होते, आणि लोपेतीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पण एवढ्या लोकांना ते कुठे सांगत बसणार. तो आपला हळहळ घेत राहिला.

"चल इस्पितळात," आत्या म्हणाली आणि मयताच्या उशाशी असलेल्या आपल्या जागेवरून उठली. भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. दारातल्या टेम्पोत उद्याच्या जेवणाची कोनफळं आणि एक जिवंत डुक्कर होतं. डुक्कर उतरवायला वेळ नव्हता, म्हणून तेही इस्पितळात आलं.

सोमवारी डॉक्टरने लोपेतीची अक्कलदाढ कापून काढली होती, तेव्हा त्याचा जबडा धरून उभी असलेली नर्स मालिया आजही तिथे होती. तिनेही गाल दाबून पाहिला.

"कातडीखाली हवा गेलीय. काय केलंस?"

"काही नाही. काल नुसती तालीम केली."

"कसली?"

"कॉर्नेटची. बँडमध्ये वाजवतो ना मी."

मालियाने डोळे मिटून घेतले. "सोमवारी मी काय सांगितलं होतं?"

"दोन आठवडे फुंकणं बंद."

"मग?"

"मी फुंकतच नाही," लोपेती दुखावून म्हणाला. "जन्मात सिगरेटला हात लावलेला नाही. चर्चमध्ये कुणालाही विचार."

बाहेर डुक्कर ओरडलं.

डॉक्टरने छातीचा फोटो काढला, गोळ्या दिल्या. दाढेच्या खड्ड्यातून हवा आत शिरली होती. आठवडाभरात ती आपोआप जिरणार होती. पण पुन्हा वाजवलं तर ती गळ्यातून छातीत उतरेल आणि मग जिवाशी खेळ होईल, असं डॉक्टर म्हणाला.

"उद्या बापाला पुरायचंय," लोपेती म्हणाला.

"एका आठवड्यात दोघांना पुरायला लावू नकोस," मालिया म्हणाली.

परत येताना आत्या पुढे बसली, लोपेती तिच्या शेजारी. गावात कुणालाही पुरताना बँड एक जुनं भजन वाजवी, आणि त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबून एकट्या कॉर्नेटचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा येई. तीस वर्षं तो कितिओनेने वाजवला. लोपेती वीस वर्षं त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत आला होता. 'अजून पिकला नाहीस,' बाप दर वर्षी म्हणे. तुकड्याच्या शेवटी एक लांब सूर होता, तो बाप कायम घाईने उरकायचा. लोपेतीने एकदा तसं बोलून दाखवलं, तेव्हा घरात महिनाभर अबोला होता. उद्या तो सूर पहिल्यांदाच पुरता वाजणार होता, आणि चूक काढायला बाप उठणार नव्हता. त्यासाठी लोपेतीने काल दोन तास तालीम केली होती.

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आत्या. हळूच वाजवतो."

"पिपाणी हळू वाजते होय रे?"

"मग दुसरं आहे कोण? बाकीच्यांना ते येत नाही."

"कुणी वाजवू नका."

"रिकामं सोडायचं?"

"फुंकणं बंद म्हणजे बंद." टेम्पो चढावर कण्हत होता. वर पोचल्यावर ती म्हणाली, "पण उभा तूच राहायचंस. त्याच्या जागेवर."

दुसऱ्या दिवशी दुपारी कबरीपाशी भजन त्या जागी आलं आणि बँड थांबला. लोपेती दोन पावलं पुढे झाला. कॉर्नेट त्याने छातीशी धरलं होतं, ओठांपासून लांब. त्याची बोटं कळांवर हलू लागली.

खट. खटखट. खट.

तीनशे माणसं उभी होती आणि कळांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता. चाल सगळ्यांना पाठ होती. कुणी गायलं नाही, पण बायकांच्या माना नेमक्या जागी हलत होत्या. शेवटचा लांब सूर आला. लोपेतीने कळ दाबली. ती चार मोजेपर्यंत धरायची, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्यालाच बोट उचललं गेलं.

त्याच क्षणी सगळा बँड एका दमात आत आला. बापाच्या हाताखाली तयार झालेली माणसं, त्यांना तो सूर तेवढाच ठाऊक होता.

लोपेती बोटाकडे पाहत राहिला. मग सुजलेल्या डोळ्याच्या फटीतून पाणी गालावर उतरलं, आणि दुसऱ्या डोळ्यातूनही.

आत्याच्या शेजारी उभी असलेली बाई तिच्याकडे झुकली. "चार दिवस झाले, अजून रडतोय बिचारा."

"नाही," आत्या म्हणाली. "आत्ता सुरू झालाय."